आधी वेचणीचे पैसे, मग नाताळची वर्गणी

पत्र

ताई, प्रभूमध्ये सलाम.

आम्ही शहादा तालुक्यातले. चार एकर कोरडवाहू, सगळा कापूस, मध्ये तुरीच्या थोड्या ओळी. ऑगस्टमध्ये पीक असं उभं होतं की रस्त्याने जाणारा थांबून बघायचा. त्याच दिवसांत मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, सभेत छताच्या पत्र्यांचा आणि नाताळच्या जेवणाचा विषय निघाला आणि आमच्या ह्यांनी उभं राहून १५,००० बोलून टाकले. नाव फळ्यावर लिहिलं गेलं. मग ऑक्टोबरात पाऊस बसला. फुटलेली बोंडं झाडावरच भिजली, काळी पडली. जे निघालं ते व्यापाऱ्याने ओला माल म्हणून भाव पाडून घेतलं, खता-औषधांची उधारी कापली आणि हातात २२,००० ठेवले. वेचणीच्या सहा बायांचे १३,६०० द्यायचे आहेत. बाया धडगावकडच्या, आमच्या खळ्याजवळ झोपड्या करून राहिल्यात. हे म्हणतात, देवाचं आधी. बोललेला शब्द आहे. बाया कुठे पळून जातात, त्यांना नाताळ झाल्यावर देऊ. विश्वासाने दिलं की देव दुप्पट देतो. मी काही बोलले की म्हणतात, तुझा विश्वास कमी पडतो. ताई, खरंच कमी पडतो का? आगमनकाळ, नाताळआधीचे ते चार रविवार, तोंडावर आलाय, पास्टरांनी सांगितलंय मन तयार करा. माझं मन तयारच होत नाही. मुलांसाठी घरात काय करावं तेही सुचत नाही.

एक बहीण

उत्तर

माझ्या बहिणी, सलाम.

तुला उत्तर शोधत खालपर्यंत यावं लागू नये म्हणून आधीच सांगते. वेचणीचे १३,६०० आधी द्या. सगळे द्या, आणि बाया झोपड्या मोडून गावाकडे निघायच्या आत द्या. मंडळीला दिलेला शब्द मोडायचा नाही, पण तो थोडा मागे सरकेल. आणि तुझा विश्वास कमी पडलेला नाही. आत जे टोचतंय ना तुला, तो तुझा विश्वासच आहे.

आता का, ते बोलू.

पास्टरांनी मन तयार करा म्हटलं, ते बरोबरच आहे. पण शुभवर्तमानात ही तयारीची गोष्ट कुठे येते बघ. लूकचा तिसरा अध्याय काढ. बाप्तिस्मा देणारा योहान यार्देन नदीकाठी उभा आहे आणि यशया संदेष्ट्याचे शब्द ऐकवतोय की प्रभूची वाट तयार करा, खोरी भरून निघतील, डोंगर सपाट होतील. लोक ऐकतात आणि विचारतात, मग आम्ही करायचं काय? अगदी तू मला विचारलंस तसंच. योहान काय सांगतो? ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने नसलेल्याला एक द्यावा, अन्नाचंही तसंच. जकातदार येतात, त्यांना म्हणतो, नेमून दिलंय त्याहून जास्त वसूल करू नका. शिपाई येतात, त्यांना म्हणतो, कुणाला दमदाटी करून पैसे उकळू नका, पगारात समाधान माना. झालं, एवढंच. मंदिरात अमुक रक्कम नेऊन टाका असं तो एकालाही सांगत नाही. तिन्ही उत्तरं कपड्याची, भाकरीची आणि पैशाची. दर तीन वर्षांनी आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी कितीतरी मंडळ्यांत हाच उतारा वाचला जातो. मी तो दरवर्षी वाचते, त्याचं वर्ष असो नसो.

तुझ्या घरापुरता हा प्रश्न विचारला तर उत्तर तुमच्या वहीतच लिहिलेलं आहे. सहा नावं, त्यांच्यापुढे रोजचे किलो, आणि खाली बेरीज.

मजुरीबद्दल पवित्र शास्त्र किती रोखठोक बोलतं हे आपण मंडळीत फारसं वाचत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. लेवीय १९:१३ सांगतं की मजुराची मजुरी रात्रभर, सकाळ होईपर्यंत आपल्याकडे ठेवायची नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकाचा २४ वा अध्याय आणखी पुढे जातो. मजूर आपल्या भाऊबंदांपैकी असो की गावात राहायला आलेला परका असो, त्याची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत द्यायची, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात गुंतलेला असतो. म्हणजे या धडगावकडच्या बाया आपल्या मंडळीच्या आहेत की नाहीत, हा प्रश्नच उरत नाही. आणि नव्या करारात याकोब ५:४ मध्ये तर मजुरीलाच तोंड फुटतं. ज्यांनी तुमची शेतं कापली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडतेय, आणि ती हाक सेनाधीश प्रभूच्या कानापर्यंत गेलीय, असं तो लिहितो. त्याच महिन्यात, त्याच कानांनी प्रभूने आपली नाताळची गाणी ऐकावीत अशी आपली अपेक्षा असते.

त्या बायांचा जीव कशात गुंतलाय ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तू रोज बघतेस. सकाळचं दव उडालं की कमरेला ओटी बांधून त्या सरीत उतरतात. वाळलेल्या बोंडाच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात. नखाच्या कडेला आधी पांढरी कुसळं निघतात, मग तिथेच चिरतं, आणि चिरलेल्या जागी पुन्हा तेच टोक लागतं. नोव्हेंबर संपेपर्यंत त्या बायांची बोटं ठेच्याला लागली तर हात झटकतात, कारण मिरची झोंबते. संध्याकाळी कडुलिंबाच्या फांदीला वजनकाटा अडकवायचा, गाठोडं टांगायचं, काटा थरथरत थांबेपर्यंत सगळ्यांनी मान वर करून बघत राहायचं. अडतीस. बेचाळीस. पस्तीस. कुणीतरी वहीत लिहितं. त्या बाया लिहिलेलं वाचू शकत असोत वा नसोत, आपला आकडा तोंडपाठ ठेवतात. ती वही म्हणजे त्यांच्याशी बोललेला तुमचा शब्द, भाऊंनी सभेत बोललेल्या शब्दाइतकाच पक्का. आणि आता त्याच्यामागे त्यांचे घाम गाळलेले दिवस आहेत.

मी हे उपदेश म्हणून लिहीत नाही. माझ्या हातून हेच घडलंय.

तीस वर्षांपूर्वी आम्ही धुळ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. धुण्याभांड्याला एक बाई यायची, जवळच्याच वस्तीतली. तिचे दोन महिन्यांचे ३०० रुपये माझ्याकडे राहिले होते. त्या नाताळला मंडळीत वेदीच्या नव्या पडद्यासाठी मी ५०० रुपये दिले होते, तेही सगळ्यांच्या आधी. २३ डिसेंबरला मी करंज्या तळत होते. तिने पैसे मागितले. मी म्हटलं, नाताळ होऊन जाऊ दे, मग देते. ती म्हणाली, "बरं बाई. तुमना सण व्हई जाऊ द्या, मंग आमना." आवाज चढवला नाही, तोंड फिरवलं नाही. करंज्यांची तेलकट कढई राखेने घासली, पदराला हात पुसले आणि गेली. २५ तारखेला उपासनेत मी त्या पडद्याकडे बघत बसले होते. पांढरा, सोनेरी काठाचा. पास्टर काय बोलले ते आजही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन तिच्या वस्तीत गेले तर दाराला कुलूप. जानेवारीत ती परत आली. पैसे घेतले, मोजले, कनवटीला लावले आणि भांडी घासायला बसली. त्यानंतर चार वर्षं आमच्याकडे होती. तो विषय तिने कधी काढला नाही. काढला असता तर मला सोपं गेलं असतं.

म्हणून तुझं पत्र वाचल्यावर मला राहवेना.

आता भाऊंशी बोलते. हे त्यांना वाचून दाखव, पण जेवणाच्या ताटावर नको. दिवसभराचं काम आटोपल्यावर, मुलं झोपल्यावर.

भाऊ, तुम्ही सभेत उभे राहिलात तेव्हा तुमच्या मनात देवाविषयी प्रेमच होतं, यात मला शंका नाही. पीक डोलत होतं, हात सैल सुटला. देणारा माणूस असाच असतो. आणि बोललेला नवस फेडायला उशीर करू नये, हे तुमचं म्हणणंही शास्त्राला धरूनच आहे, उपदेशकाच्या पाचव्या अध्यायात ते आहे. पण ज्या शास्त्राने नवस फेडायला सांगितलं त्याच शास्त्राने नवस बोलल्यावर हात आखडला तर काय करायचं तेही सांगून ठेवलंय. लेवीय २७:८ उघडा. नवस करणाऱ्याची ठरलेलं मोल द्यायची ऐपत उरली नसेल तर त्याने याजकापुढे उभं राहावं, आणि याजकाने त्याच्या आवाक्याप्रमाणे मोल ठरवावं. हजारो वर्षांपूर्वीच्या नियमशास्त्रात पीक बुडालेल्या माणसासाठी ही जागा ठेवलेली आहे. कुणाची मान खाली घालायची म्हणून नाही. देवाला आपल्या माणसांचे हंगाम माहीत आहेत म्हणून.

मजुरीसाठी मात्र अशी जागा कुठेच ठेवलेली नाही. मजुराला ऐपतीप्रमाणे द्या, असं एकही वचन मला सापडलेलं नाही.

आणि विश्वासाने दिलं की देव दुप्पट देतो, याबद्दल. देव पुरवतो, हे मी माझ्या डोळ्यांनी कितीदा तरी पाहिलंय. पण शास्त्रात विश्वासाने देणारी माणसं बघा, ती कुणाचं देतात? सारफथ गावची विधवा एलीया संदेष्ट्याला भाकर करून देते ती स्वतःच्या मडक्यातल्या मूठभर पिठाची. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणारी विधवा स्वतःची उपजीविका टाकते, शेजारणीची नाही. फ्रान्समधल्या तूर गावच्या संत मार्टिनची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. शिपाई होता, थंडीत कुडकुडणारा भिकारी दिसला, तर तलवारीने आपला झगा मधून कापला आणि अर्धा त्याला दिला. अर्धा, आणि तो स्वतःच्या अंगावरचा. त्याचा सण ११ नोव्हेंबरला येतो. पाचव्या शतकात त्याच तूर गावच्या पर्पेट्युअस नावाच्या बिशपांनी या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास करायचा असं ठरवून दिलं, आणि पुढे आगमनकाळाची जी प्रथा पडली तिच्या मुळांपैकी हे एक. विश्वासाची परीक्षा द्यायची तर ती आपल्या ताटावर द्यावी लागते. त्या सहा बायांच्या तव्यावरची भाकर आपण देवाला वाहू शकत नाही, कारण ती आपली नाही. येशूने मार्कच्या सातव्या अध्यायात अशाच लोकांना खडसावलंय. आईबापांना द्यायचं ते "कर्बान" म्हणजे देवाला वाहिलेलं आहे असं सांगून ते हात झटकत होते. म्हातारे आईबाप असोत की मजूर, ज्याचं देणं लागतो त्याच्या तोंडचं काढून केलेलं अर्पण त्याने कधी मान्य केलेलं दिसत नाही.

फळ्यावर नाव आहे, ही अडचण मी समजते. गावात मान सांभाळावा लागतो. पण पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात लिहितो की मनाची तयारी असली म्हणजे माणसाकडे जेवढं आहे त्या मानाने त्याचं देणं मान्य होतं, नाही त्या मानाने नाही. आणि लगेच पुढे म्हणतो, दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला भार, असं व्हावं म्हणून मी हे सांगत नाही. तुम्ही दोघांनी मिळून पास्टरांकडे जा, आणि सेक्रेटरी भेटले तर त्यांनाही घ्या. सांगा, पाऊस बसला, माल पडून गेला, मजुरी आधी देतोय. एवढं सरळ सांगायला धीर लागतो हे खरं. पण ज्या मंडळीत निम्मी घरं कापसाची आहेत तिथे हे कुणाला समजावून सांगावं लागेल असं मला वाटत नाही. तुम्ही तोंड उघडलंत की आणखी दोन-तीन घरं सुटकेचा श्वास टाकतील बघा.

आकडे एकदा मांडू. २२,००० मधून १३,६०० गेले की ८,४०० उरतात. पुढची वेचणी हाती येईपर्यंतचं किराणा-दळण, मुलांचं काही, दवाखान्यापुरते चार पैसे, हे आधी बाजूला काढा. ५,००० तरी लागतीलच. राहिलेल्यातले ३,००० नाताळच्या आत मंडळीला द्या, आनंदाने द्या. बाकीचे किती आणि कधी, हे पास्टरांसमोर बसून ठरवा. तूर निघाल्यावर काही, पुढच्या हंगामात काही. आणि पुढची वेचणी घाईने त्याच व्यापाऱ्याच्या गाडीत टाकू नका. दव उडाल्यावरच वेचा, दोन ऊन द्या, सातबाऱ्यावर पीकपेरा चढलेला आहे ना ते बघा आणि सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर चौकशी करा. तिथे ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर हमीभाव पूर्ण मिळतो, त्याच्या वर १२ टक्क्यांपर्यंत भाव कापून घेतात, १२ च्या वर माल घेत नाहीत. हे सल्ला सदरात लिहिण्यासारखं नाही असं कुणी म्हणेल, पण घरात पैसा नीट आला तर घरातून नीट जातो.

बहिणी, ३,००० चं पाकीट थैलीत टाकताना तुला लाज वाटेल, मला माहीत आहे. तेव्हा मरीयेची आठवण ठेव. बाळाला घेऊन ती आणि योसेफ यरुशलेमला मंदिरात गेले तेव्हा त्यांनी काय वाहिलं, ते लूक २:२४ मध्ये आहे: होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिल्लं. नियमशास्त्रात अर्पण कोकराचं होतं. कोकरू परवडत नसेल त्या बाईने दोन पाखरं आणावीत, अशी सवलत लेवीयाच्या बाराव्या अध्यायात आहे. प्रभूच्या आईने ती सवलत घेतली. देवाचा पुत्र पहिल्यांदा मंदिरात आला तो गरिबांच्या रांगेतून आला. तुझं पाकीटही त्याच रांगेत आहे.

आणि जाता जाता मंडळ्यांच्या पंच कमिट्यांना हात जोडून विनंती. नावं आणि रकमा फळ्यावर लिहिणं, भर सभेत वाचून दाखवणं, हे थांबवा. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं प्रभू म्हणाला. भरल्या पिकात बोललेला आकडा नोव्हेंबरात माणसाच्या गळ्याला फास होतो. संत निकोलसची गोष्ट आपण मुलांना सांगतो, की गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्याने रात्री, कुणाला न कळता, खिडकीतून पैशाच्या पुरचुंड्या टाकल्या. आख्यायिका असेल, पण त्यातली रात्र आणि खिडकी आपण विसरलोय. हिशेब जरूर ठेवा, पावती द्या, वर्षअखेरीला एकूण रक्कम सांगा. कुणी किती दिले हे देवावर सोडा.

आता मुलांचं. घरात काय करावं सुचत नाही म्हणतेस. थोडंच कर.

आगमनकाळ ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होतो आणि नाताळच्या आधीचे चार रविवार चालतो. माझ्या लहानपणी आमच्या घरात मात्र हा शब्द कुणी वापरत नसे. डिसेंबर लागला की गाण्यांचा सराव सुरू व्हायचा, तेवढंच. चार मेणबत्त्यांचं ते हिरवं चक्र मी मोठेपणी पाहिलं आणि मला वाटलं, हे शहरातल्या लोकांचं. मग त्याची मूळ गोष्ट कळली. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ योहान हिनरिख विखेर्न नावाचे पाळक निराधार मुलांसाठी आश्रम चालवायचे. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुलं भंडावून सोडायची. १८३९ साली त्यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या, आठवड्याच्या दिवसांसाठी लहान आणि चार रविवारांसाठी चार मोठ्या. रोज एक पेटवायची. गाडीचं जुनं चाक! आपल्याकडे खळ्यात पडलेलं असतं तसलं. तेव्हा दुकानातून काही आणू नको. दिवाळीत शेजारून फराळाबरोबर आलेल्या पणत्या असतील तर चार काढ, नसतील तर चार वाट्या. ताटात मांड. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन. लावताना लूकचे पहिले दोन अध्याय तुकड्या-तुकड्याने वाच. मरीया अलीशिबेकडे डोंगराळ मुलखात जाते आणि तिच्यापाशी जवळजवळ तीन महिने राहते, तो भाग मुलींना फार आवडतो, माझा अनुभव आहे.

द्यायला रोकड नाही म्हणून मुलांसमोर हात रिकामे ठेवू नको. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका शंभराहून जास्त वर्षं एक रीत पाळतात. भात टाकताना दरवेळी एक मूठ तांदूळ वेगळा काढायचा. तो साठतो, मंडळीकडे जातो, विकला जातो. १९१० च्या सुमारास सुरू झालेली ही मूठ आज तिथल्या मंडळ्यांचं केवढं तरी काम पेलते. आपल्याकडे तांदूळ नाही तर ज्वारी. पीठ मळायला घेतलंस की मूठभर पीठ धाकट्याच्या हाताने डब्यात टाकायचं. चार आठवड्यांत डबा भरेल. तो कुणाकडे न्यायचा हे मुलांनाच ठरवू दे. ती बरोबर घर शोधतात.

आणखी एक गोष्ट, जी फक्त शेत असलेलेच करू शकतात. डिसेंबरच्या शेवटी झाडावर जी चुकार बोंडं राहतात, ज्यांच्यासाठी वेचणी लावायला परवडत नाही, ती सोडून दे. लेवीय १९ मध्ये हेच सांगितलंय, शेताचे कानेकोपरे कापू नका, सरवा म्हणजे मागे राहिलेलं पीक वेचू नका, गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. बवाजाच्या शेतात रूथ सरवा वेचायला आली, आणि तिच्या वंशात पुढे दावीद झाला, आणि दाविदाच्या गावी येशू जन्मला. शेजारच्या बायांना सांग, आमच्या शेतातला सरवा तुमचा, वेचा आणि विका. नाहीतरी गुलाबी बोंडअळी वाढू नये म्हणून फरदड, म्हणजे हंगामानंतर तसंच राखलेलं पीक, न ठेवता शेत लवकर मोकळं करायचंच असतं. फक्त एक सांभाळ. हा सरवा मजुरीच्या बदल्यात धरायचा नाही. मजुरी ती मजुरी.

म्हणून शेवटी पुन्हा मजुरीवरच येते.

पैसे मुकादमाच्या हातात एकगठ्ठा देऊ नका. मुकादमाने उचल दिलेली असते, ती तो आधी कापतो आणि बाईच्या हातात काय पडतं ते आपल्याला कळत नाही. बँकेतून सुटे आणा, शंभरच्या, पन्नासच्या नोटा. संध्याकाळी वही घेऊन खळ्यात बसा, तू आणि भाऊ दोघंही. एकेकीचं नाव घ्या, तिचे किलो मोठ्याने वाचा, तिच्या तोंडपाठ आकड्याशी जुळतात का विचारा. फरक निघाला तर तिचा धरा. पैसे तिच्या हातात मोजून द्या, मग तिच्यासमोर नावावर काट मारा. मुलांना जवळ बसवा. हे सगळं पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी उरकलं तर फार बरं. आणि चुलीवर मोठं पातेलं ठेव. घोटलेल्या वांग्याची भाजी आणि बट्ट्या सहा बायांना, त्यांच्या लेकरांना पुरतील एवढ्या करायला फार खर्च येत नाही. भाजीत मिरची बेताची घाल, त्यांची बोटं चिरलेली असतील.

झालं की मला दोन ओळी लिही.